एकोणीस पातेली हवी आहेत

सप्रेम नमस्कार.

आपल्या मराठी शाळेची मुलं दरवर्षी व्हर्जिनियातल्या मॉन्टिसेलोला जातात. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचा वाडा, बाग, पुस्तकं पाहतात आणि परत येतात. तिथल्या स्वयंपाकघरात चूल पेटवणाऱ्या माणसाचं नाव मात्र मुलांना सांगता येत नाही. ही चूक आपली आहे, मुलांची नाही.

त्या माणसाचं नाव जेम्स हेमिंग्ज. जन्म १७६५, जन्मापासून गुलाम. १७८४ मध्ये जेफरसन त्यांना पॅरिसला घेऊन गेले, ते फ्रेंच स्वयंपाक शिकायला. तीन वर्षांत ते जेफरसन यांच्या पॅरिसच्या घराचे मुख्य आचारी झाले. स्वतःच्या पगारातून शिक्षक ठेवून फ्रेंच भाषा शिकले. फ्रान्समध्ये राहून कोर्टात स्वातंत्र्य मागता आलं असतं, पण १७८९ मध्ये ते परतले. मागे घरी आई आणि भावंडं होती, तीही गुलामच.

१७९३ मध्ये जेफरसन यांनी लेखी वचन दिलं: दुसऱ्या कुणाला हा स्वयंपाक शिकवून तयार करा, मग मुक्त करतो. जेम्स यांनी धाकट्या भावाला, पीटरला शिकवलं. भाऊ तयार झाला आणि १७९६ च्या फेब्रुवारीत जेम्स सुटले. पीटर त्याच चुलीपाशी गुलाम म्हणून राहिला. हे वाचताना आमच्यातल्या बऱ्याच जणांचा घास घशात अडकला.

जाण्याआधी जेम्स यांनी स्वयंपाकघरातली भांडी मोजून स्वतःच्या हाताने यादी लिहिली. ती आजही जपलेली आहे. पाच वर्षांनी, १८०१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी बाल्टिमोरला त्यांनी आयुष्य संपवलं.

गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना जोतीरावांनी १८७३ साली आपलं 'गुलामगिरी' अर्पण केलं. त्याच देशात आपली मुलं वाढताहेत. म्हणून यंदा सहलीच्या आदल्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये ती यादी भांड्यांनिशी मांडायची आहे. मोठ्या वर्गाची मुलं एकेक भांडं हाताळून ती यादी मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिहितील. मग बसने मॉन्टिसेलोला जाऊन आधी स्वयंपाकघर बघायचं, वाडा नंतर.

बसचं भाडं आणि जेम्स यांच्यावरच्या मराठी पुस्तिकेची छपाई यांसाठी १,८०० डॉलर लागतील. पाच डॉलरही चालतील, पावती मिळेल. पुस्तिकेचं मुद्रितशोधन करणारं कुणी असेल तर फार बरं होईल. अंडी आणि दुधाची 'स्नो एग्ज' ही मिठाई जेम्स यांच्या नावाने ओळखली जाते. ती करून पाहायला दोन-तीन सुगरणी किंवा बल्लवाचार्य हवेत.

आणि भांडी. आजीची, सासूबाईंची, सामानात घालून इथवर आणलेली तांब्याची पातेली एका दिवसासाठी द्या. कल्हई गेलेली असली तरी चालेल. तळाला आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवून रविवारी शाळा सुटताना आणून द्यावीत. झाकण विसरू नका. जेम्स यांच्या यादीत पातेली १९ आहेत आणि झाकणंही १९.