गॅझेटिअर कुलपात

संपादक महोदय,

इंटरनेटवरचा आक्षेपार्ह मजकूर झटपट हटवणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘सहयोग’ पोर्टलचे कौतुक करणारा कालचा अग्रलेख वाचला. सज्जनांना त्याची झळ बसणार नाही, असा निर्वाळा आपण दिला आहे. अशा कारवाईची झळ मला बसली आहे, म्हणून लिहितो.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये मी वाईच्या घाटांवर टिपण लिहीत होतो. सातारा जिल्ह्याचे १८८५ चे गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट वाचता येते. गावातल्या ग्रंथालयातली प्रत कपाटात आणि किल्लीवाले रजेवर, त्यामुळे रात्री जेवण झाले की दोन-तीन पाने वाचून वहीत उतरवायचो. एका रात्री पान उघडेना. पुस्तकाच्या जागी इंग्रजीत एवढेच, की दूरसंचार विभागाच्या निर्देशानुसार हा पत्ता बंद केला आहे. का, किती दिवस, दाद कुठे मागायची, काही नाही. मला वाटले, माझ्याच हातून काही गुन्हा घडला. उभ्या आयुष्यात पोलीस चौकीची पायरी चढलो नव्हतो. संगणक बंद केला, पण झोप लागली नाही. सकाळी इंटरनेट जोडणीवाल्याला फोन केला, तर म्हणाला, ‘काका, वरूनच बंद आहे. आमच्या हातात काही नाही.’

दोन हिंदी चित्रपटांची चोरी रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांत अडीच हजारांवर संकेतस्थळे होती, त्यांत हे अख्खे ग्रंथालय सापडले. काही दिवसांनी ते उघडले. आम्हा वाचकांना खुलासा कोणीच दिला नाही.

तो निदान न्यायालयाचा आदेश होता, बातमी तरी छापून आली. ‘सहयोग’वरून पोलीस अधिकारीच कंपन्यांना थेट नोटीस धाडू शकतात, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खालच्या मजकूरबंदीच्या आदेशांना तर नियमानेच गोपनीयता आहे. मग एखादे पान चुकून बंद झाले, हे वाचकाला कळायचे कसे?

मराठी विकिपीडियावरचे माझे लिहिणेही थांबले आहे. छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या मजकुरावरून २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर पोलिसांनी विकिपीडियाच्या काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. तेव्हा मुलगा म्हणाला, ‘बाबा, आता तिथे काही लिहू नका.’ तो मजकूर मलाही पटला नव्हता. पण तिथली चूक संदर्भ देऊन खोडता येते. मी स्वतः कितीतरी सनावळ्या अशा दुरुस्त केल्या आहेत. आता नाव कुठल्या यादीत जाईल या धास्तीने हात आखडतो. घाटांवरचा लेख अर्धाच राहिला आहे, ढोल्या गणपतीच्या घाटापर्यंत येऊन.

आणखी एक. अग्रलेखात दोन ठिकाणी विकिपीडियाला ‘विकिलीक्स’ म्हटले आहे. या दोन संस्थांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. कृपया उद्याच्या अंकात दुरुस्ती द्यावी.

– एक निवृत्त शिक्षक, वाई