मालिका लावण्याआधी

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

'ती आत्महत्येवरची मालिका वर्गातल्या सगळ्यांनी बघितली, मी बघू का?' असं तू विचारलंस. नुसतं 'बघ' किंवा 'नको' म्हणून हा विषय मिटणारा नाही, म्हणून लिहायला बसले. थोडं लांबेल, पण एका बैठकीत वाच.

तुझ्या वयाच्या मुलामुलींच्या आत्महत्येवरच्या मालिका बघणाऱ्यांचं भलं करतात की नुकसान, हा प्रश्न आजचा नाही. १९८१ साली पश्चिम जर्मनीत झेडडीएफ वाहिनीने एका शाळकरी मुलाच्या आत्महत्येवर सहा भागांची मालिका दाखवली. मालिका सवंग नव्हती, गांभीर्याने केलेली होती. त्याचा मृत्यू दाखवायचा आणि मग तीच गोष्ट निरनिराळ्या माणसांच्या नजरेतून उलगडायची, अशी तिची रचना. श्मिट्के आणि हेफ्नर या संशोधकांनी नंतर मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. मालिकेत दाखवलेल्या त्याच पद्धतीने झालेले मृत्यू वाढले होते, आणि ते सगळ्यात जास्त १५ ते १९ वयाच्या मुलांमध्ये, म्हणजे वयाने आणि लिंगाने नायकाच्या सर्वांत जवळ असलेल्या गटात. वय जसजसं दूर जात होतं तसतसा परिणाम ओसरत होता. १९८२ मध्ये मालिका पुन्हा दाखवली तेव्हा प्रेक्षक कमी होते, तेव्हाची वाढही कमी निघाली.

यातला 'जवळ' हा भाग लक्षात ठेव. आपल्यासारखा दिसणारा, आपल्यासारखा बोलणारा, आपल्याच वयाचा कुणी पडद्यावर काय करतो, ते मन वेगळ्या खात्यात जमा करतं. पन्नाशीच्या माणसाला ती गोष्ट दुरून दिसते. तुला तशी दिसणार नाही, आणि यात कमकुवतपणाचा काही संबंध नाही.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं म्हणतात, पण टीव्हीच्या धंद्यात तसं झालं नाही. १९९६ मध्ये ब्रिटनमधल्या एका लोकप्रिय हॉस्पिटल-मालिकेत एक पात्र स्वतःला इजा करून घेतं. भाग दाखवल्यानंतर पहिल्या आठवड्यात त्याच प्रकारे इजा करून घेतलेले रुग्ण रुग्णालयांत १७ टक्क्यांनी वाढले, दुसऱ्या आठवड्यात ९ टक्क्यांनी. ही काही आत्महत्येवरची खास मालिका नव्हती. एका भागातलं एक उपकथानक होतं.

आता तू विचारलेल्या प्रकारातली सगळ्यात गाजलेली मालिका घे. 'थर्टीन रीझन्स व्हाय' ३१ मार्च २०१७ ला नेटफ्लिक्सवर आली. हॅना बेकर नावाची शाळकरी मुलगी जीव देते, त्याआधी कॅसेटींवर तेरा कारणं बोलून ठेवते, आणि त्या ऐकत ऐकत गोष्ट पुढे सरकते. शेवटच्या भागात तिचा मृत्यू जवळजवळ तीन मिनिटं, बारकाव्यानिशी दाखवला होता. ते दृश्य नेटफ्लिक्सने कापलं, पण जुलै २०१९ मध्ये. दोन वर्षांहून जास्त काळ ते जसंच्या तसं कुणालाही बघायला मिळत होतं.

मालिका आल्यावर पुढच्या १९ दिवसांत अमेरिकेत आत्महत्येविषयीचे गुगलवरचे शोध अपेक्षेपेक्षा १९ टक्क्यांनी जास्त झाले. गंमत म्हण किंवा दुर्दैव, त्यात हेल्पलाइन शोधणारेही वाढले आणि जीव द्यायचे मार्ग शोधणारेही. मग २०१९ मध्ये ब्रिज आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला: एप्रिल २०१७ मध्ये १० ते १७ वयोगटातल्या आत्महत्यांचा दर २८.९ टक्क्यांनी जास्त होता, आणि वर्षअखेरपर्यंत अपेक्षेपेक्षा १९५ मृत्यू जास्त झाले. वाढ ठळक होती ती मुलग्यांमध्ये. नायिका मुलगी असताना असं का, हे नीट उलगडलं नाही. जगभर मथळे झाले.

इथे मात्र थांब. पुढच्याच वर्षी डॅनियल रोमर यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. अमेरिकेत तरुणांच्या आत्महत्यांचा दर आधीपासूनच चढत होता, तो चढ हिशेबात धरला. मग दिसलं की मुलग्यांमधली एप्रिलची वाढ मार्चपेक्षा जास्त नव्हती, आणि मार्चमध्ये तर मालिका आलेलीच नव्हती. मुलींबाबत ठाम काही म्हणता आलं नाही. एकाच आकडेवारीतून दोन उत्तरं निघाली, म्हणून 'त्या मालिकेने इतकी मुलं मारली' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. आणि 'काहीही होत नाही, उगाच बाऊ करतात' असं कुणी म्हटलं तर त्याला जर्मनीची गोष्ट सांग.

मला सगळ्यात कामाचा वाटतो तो एक वेगळाच अभ्यास. मालिकेचा दुसरा सीझन २०१८ मध्ये आला, तेव्हा १८ ते २९ वयाच्या अमेरिकी तरुणांना आधी आणि नंतर असं दोनदा प्रश्न विचारले गेले. सीझन पूर्ण बघितलेल्यांमध्ये जीव द्यायचे विचार, न बघणाऱ्यांच्या तुलनेत, कमी झालेले आढळले, आणि अडचणीतल्या माणसाला मदत करायची तयारीही त्यांच्यात जास्त होती. ज्यांनी मध्येच सोडला त्यांच्यात मात्र धोका जास्त दिसला. ते आधीच खचलेले होते म्हणून सोडला, की दुःखाच्या ऐन मध्यावर थांबल्याने ते तिथेच अडकले? दोन्ही शक्य आहे. पण मध्येच बंद करून गप्प झालेल्या मित्राकडे लक्ष ठेवायला हवं, एवढं यातून नक्की घेता येतं.

बिनसतं कुठे, ते आता सांगते. मृत्यूचं दृश्य हे झालंच. पद्धत जितकी बारकाईने दाखवाल तितकी ती डोक्यात पक्की बसते, आणि मन खचलेल्या क्षणी शोधावी लागत नाही, आयती सापडते. पण माझ्या मते त्याहून घातक आहे तो गोष्टीचा साचा. हॅना मेल्यानंतरही बोलतेच आहे. जिवंतपणी जिचं कुणी ऐकलं नाही तिचं आता सगळे कान देऊन ऐकतात, रडतात, पस्तावतात, एकेकाचा हिशेब चुकता होतो. म्हणजे मरणाने काम फत्ते झालं! प्रत्यक्षात मेलेल्या माणसाला यातलं काहीही बघायला मिळत नाही. शेवटी कोण रडलं, कोणाला शिक्षा झाली, काही नाही.

दुसरी खोच तेरा कारणांची. 'याच्यामुळे, त्याच्यामुळे' अशी यादी लावली की आत्महत्या म्हणजे सरळ बेरीज वाटू लागते, आणि प्रत्येक कारणामागे एक गुन्हेगार उभा राहतो. खरं चित्र गुंतागुंतीचं असतं. नैराश्यासारखा आजार, झोपेचे वाजलेले तीनतेरा, छळ, घरातली भांडणं, नशा, आधीचे प्रयत्न, यातलं बरंच काही एकत्र येतं. आजाराला उपचार असतात. शिवाय 'आता नकोच' वाटण्याची सगळ्यात तीव्र लाट बहुतेकदा थोड्या वेळाची असते. ती ओसरेपर्यंत सोबत कुणी असलं तर माणूस वाचतो. हे त्या पहिल्या तेरा भागांत जवळजवळ नाहीच.

आणि तो समुपदेशक. शेवटच्या भागात हॅना शाळेच्या समुपदेशकाकडे जाते, तो नीट ऐकून घेत नाही, ती बाहेर पडते, आणि त्याच भागात मरते. मोठ्यांना सांगून उपयोग नाही, हा धडा बघणाऱ्याच्या पदरात पडतो. नेमका हाच धडा कुणी शिकू नये अशी माझी इच्छा आहे. एका समुपदेशकाशी जमलं नाही तर दुसऱ्याकडे जायचं, डॉक्टर बदलतो तसं.

मग असल्या मालिका बंदच कराव्यात का? नाही. २०१० मध्ये व्हिएन्नाच्या निडरक्रोटेंटालर आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियातल्या वर्तमानपत्रांचा अभ्यास केला. जीव द्यायच्या विचारापर्यंत गेलेला माणूस त्यातून कसा सावरला, अशा बातम्या आल्या तिथे पुढे आत्महत्या कमी झाल्याचं दिसलं. या परिणामाला त्यांनी पापागेनोचं नाव दिलं. तो मोत्सार्ट या संगीतकाराच्या १७९१ च्या ऑपेरातला, म्हणजे संगीतनाटकातला, पक्षी पकडणारा. प्रेयसी गमावली म्हणून जीव द्यायला निघतो, तीन मुलगे येऊन त्याला दुसरा मार्ग आठवून देतात, आणि तो जगतो. दुसरं उदाहरण २०१७ चंच: अमेरिकी रॅपर लॉजिकने आत्महत्या-प्रतिबंधक हेल्पलाइनचा क्रमांकच गाण्याचं नाव म्हणून ठेवला. गाण्यात खचलेला माणूस फोन करतो आणि सावरतो. ते गाणं सर्वाधिक चर्चेत असलेल्या ३४ दिवसांत हेल्पलाइनवर ६.९ टक्के जास्त फोन आले आणि त्याच काळात आत्महत्या अपेक्षेपेक्षा २४५ ने कमी झाल्या. तिकडे मालिका, इकडे गाणं. विषय एकच, पण गोष्ट कुठे नेऊन सोडता त्यावर सगळं अवलंबून.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चित्रपट, नाटक आणि मालिका करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिकाच काढली. पद्धत दाखवू नका, एकच कारण चिकटवू नका, मदत घेणारी आणि सावरणारी पात्रं ठेवा, असं त्यात आहे. तू जी मालिका म्हणतोस ती याच मापाने तपासू. पहिले दोन भाग मी आधी बघते आणि शेवटचा भागही. शेवट आधी कळला म्हणून चिडू नकोस, मी तुला सांगणार नाही.

बघायची ठरली तर अशी बघू. दिवसाला एक भाग, फार तर दोन, आणि झोपायच्या आधी नाही. प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये पुढचा भाग आपोआप सुरू होण्याचा पर्याय बंद करायचा, कारण तो चालू असला की भाग संपल्यावर श्वास घ्यायलाही वेळ मिळत नाही. मोबाइलवर, कानात हेडफोन घालून, पांघरुणात नाही. बाहेरच्या खोलीत मोठ्या पडद्यावर. मी शेजारी असेन, पण मध्ये बडबड करणार नाही. भाग संपल्यावर दहा मिनिटं बोलू: त्या मुलाने कुणाला सांगायला हवं होतं? कोणत्या क्षणी कुणी काय केलं असतं तर गोष्ट वळली असती? सुरुवातीला येणारी सूचनेची पाटी एकट्याने फारशी कामाची नाही. पुष्कळांना ती वाचूनच जास्त उत्सुकता वाटते.

एका परिस्थितीत मात्र बघायचीच नाही: गेले काही आठवडे झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, ओळखीतलं कुणी नुकतंच असं गेलं असेल, किंवा स्वतःच्या मनात तसे विचार येत असतील. म्हणून सरळच विचारते: तुझ्या मनात कधी जीव द्यायचे विचार येतात का? असा प्रश्न विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत २,३४२ मुलांवर हे तपासलं गेलं आहे. २००५ मध्ये निष्कर्ष छापून आले. प्रश्न विचारलेल्या मुलांची अस्वस्थता वाढली नाही, आणि जी आधीच खचलेली होती त्यांना उलट थोडं हलकं वाटलं. उत्तर 'हो' असेल तर मी ओरडणार नाही, रडारड करणार नाही. आपण दोघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ.

मित्राच्या बाबतीतही हेच. कुणी म्हणालं, 'मी नसलो तर बरं होईल,' किंवा जपलेल्या वस्तू वाटायला लागला, तर आडवळणाने नको, मी वर तुला विचारलं तसं सरळ शब्दांत विचार. उपदेश करू नकोस, 'तुझ्याकडे सगळं तर आहे' असं म्हणू नकोस. ऐक. 'कुणाला सांगू नकोस' अशी शपथ घातली तर ती घेऊ नकोस, आणि घेतलीस तरी मोड. त्याला एकटं सोडू नकोस आणि लगेच एखाद्या मोठ्या माणसाला सांग. मला रात्री दोनला उठवलंस तरी चालेल. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे, चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत. आत्ताच मोबाइलमध्ये जतन कर.

शनिवारी दुपारी बसू या?

तुझी,
आई

ता.क. मालिकेतले तुकडे वर्गाच्या ग्रुपवर फिरतायत असं तू म्हणालास. ते पुढे पाठवू नकोस. अख्ख्या भागात निदान मागचापुढचा संदर्भ तरी असतो, तुकड्यात नेमका तो कापलेला असतो. आणि ग्रुपमधलं कोण सध्या कशातून जात आहे, हे पाठवणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.