व्हेनिसहून आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आमचा ग्रुप परवा मिलानहून मुंबईला निघतोय. मी मागे थांबतेय आणि पुढच्या सोमवारी इथूनच एकटी येतेय. तिकीट काढून झालंय. पण कॉलेजला पालकांच्या सहीचं पत्र लागतं, म्हणून बाबा, आधी शेवटपर्यंत वाचा, मग चिडा.

ग्रुपच्या कार्यक्रमात रोम, फ्लोरेन्स आणि व्हेनिस एवढंच बसलं. विचेंझा इथून रेल्वेने तासाभरावर आहे. तिथे पल्लाडिओ या जुन्या वास्तुकाराचं तेआत्रो ओलिम्पिको आहे, 1585 साली खुलं झालेलं नाट्यगृह. रंगमंचामागे लाकडाचे आणि प्लास्टरचे रस्ते केलेत. जमीन चढत जाते, भिंती आखडत जातात, त्यामुळे थोड्याशा जागेत अख्खं शहर लांबवर पसरल्यासारखं दिसतं. तिथून पुढे व्हेरोनाला कास्तेलवेक्कियो. जुन्या किल्ल्यात वास्तुकार कार्लो स्कार्पाने संग्रहालय बसवताना नवी फरशी जुन्या भिंतीला टेकू दिली नाही, मध्ये फट सोडली. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते लगेच कळतं. माझा प्रबंध वाड्यांच्या दुरुस्तीवर आहे, आणि ती फट किती रुंद, किती खोल, कडेला काय लावलंय हे फोटोवरून मोजता येत नाही. यासाठी पुन्हा यायचं म्हणजे व्हिसा, विमान, सगळं नव्याने. आत्ता फक्त राहण्या-जेवण्याचा खर्च आणि एकेरी तिकीट. तोही इंटर्नशिपच्या पैशातून, तुमच्या एफडीला हात लागलेला नाही.

व्हिसाचं आधी बघितलं. स्टिकरवर वैधतेच्या तारखा वेगळ्या असतात आणि मुक्कामाचे दिवस वेगळे. मुलं तारखा बघतात आणि फसतात. तारखांमध्ये सहसा पंधरा दिवस जादा धरलेले असतात, पण राहता येतं ते दिवसांच्या रकान्यात लिहिलंय तेवढंच. उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवसही त्यात मोजतात. माझे मोजून पुरतात. ग्रुपचा विमा मात्र ग्रुप परतला की संपतो, आणि शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या या सामायिक व्हिसाच्या नियमाने किमान 30,000 युरोंचं संरक्षण पूर्ण मुक्कामभर लागतं. पॉलिसी संपायच्या आत वाढवली नाही तर अडचण होते, म्हणून तीच आधी वाढवली. दादाच्या मेलवर आहे, त्याला दाखवायला सांगा.

ग्रुपच्या तिकिटातला माझा परतीचा भाग वाया जाणार. ग्रुपच्या दरात एकट्याची तारीख सहसा बदलून मिळत नाही. शेवटचाच टप्पा सोडतेय म्हणून पुढचं काही रद्द होत नाही. येताना सोडला असता तर परतीचंही गेलं असतं. सरांनी विमान कंपनीला कळवलंय. माझी बॅग माझ्याजवळच राहील, मैत्रिणींबरोबर पाठवत नाही. कस्टममध्ये ज्याच्या हातात बॅग, त्याला जाब.

आई, राहायची जागा तुला आवडेल अशी आहे. विचेंझामध्ये नन चालवतात ते अतिथीगृह, रात्री ठरलेल्या वेळेला फाटक बंद. हसू नकोस, मला चालतं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. स्वयंपाकघर वापरायला देतात, म्हणजे भात, टोमॅटो, डब्यातले छोले, आणि मेतकूट अजून आहे. बाहेर खाताना पियादिना घेत नाही, कारण त्या पोळीत पुष्कळदा डुकराची चरबी असते. रिसोत्तो, म्हणजे इथला मऊ भात, मांसाच्या पाण्यात शिजवलाय का हे विचारूनच मागवते. भाजीचं सूपसुद्धा विचारून. उशी चपटी आहे, पण तुझी जुनी साडी घडी करून खाली घेतली की झोप लागते. माझं वय काढू नकोस.

पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या पिशवीत आहे. हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग मिलानचं भारतीय वकिलातीचं कार्यालय. आत्याच्या वेळी झालं तसं काही होणार नाही.

आता तुमचं. बाबा, बीपी सकाळी चहाआधी बघायचं. पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. दोनदा घ्यायचं आणि वहीत लिहायचं. आकडा बरा आला म्हणून गोळी बंद करायची नाही, गोळीमुळेच तो बरा आलाय. आई, तू त्यांच्या वहीकडे बघ आणि स्वतःच्या गुडघ्याकडेही. मला घ्यायला मुंबईला कुणीही यायचं नाही. मी पहाटे उतरते, उजाडल्यावर गाडी धरते. रोज तुमच्या रात्री नऊला फोन करीन, तेव्हा इथे साडेपाच झालेले असतात. एखाद दिवशी दहा मिनिटं उशीर झाला तर ट्रेनमध्ये असेन. लगेच सरांना फोन लावू नका, ते विमानात असतील.

पत्र साध्या कागदावर चालेल. माझं नाव पासपोर्टवर आहे तसं, ग्रुपपासून वेगळं होण्याची तारीख, त्यानंतरची जबाबदारी आमची एवढं एक वाक्य, खाली दोघांच्या सह्या. मोबाईलने फोटो काढू नका, कडा कापल्या जातात. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून उद्या दुपारी दोनच्या आत पाठवा. सर सगळे कागद एकदमच पुढे पाठवतात. आणि राग फोनवर काढा, पत्रात नको. ते ऑफिसात फाइलला लागतं.

तुमची,
चिमू