धरणाआधीची कोयना

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर नीट बोलता येत नाही म्हणून लिहितेय. बाबा, कोयना खोऱ्याचं जुनं टोपोशीट (डोंगर, नद्या, गावं दाखवणारा सरकारी नकाशा) मिळालं, सर्व्हे ऑफ इंडियाचं, धरणाच्या आधीचं, एक इंचाला एक मैलवालं!! आत्ताच्या शीटवर बामणोलीपासून खाली बघितलं तर निळं पाणी आणि हिरवं जंगल, बास. 1985 ला अभयारण्य झालं, 2010 ला व्याघ्र प्रकल्प, आता लोक फोटो टाकतात आणि खाली लिहितात की इथं कधी माणूस पोचलाच नाही, आणि आपली माणसं तर तिथलीच, ते वाचून मला फार लागतं.

जुन्या शीटवर नदी बारीक, वळणं घेत हेळवाककडं जाते आणि दोन्ही काठांना वाड्या, तुटक रेघांच्या पायवाटा. एक वाट वासोट्याच्या अंगानं नागेश्वरावरनं कोकणात चोरवण्याला उतरते, आजोबा मिठाला जायचे ती हीच ना? आणि कंटूर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा) बघा, नवीन शीटवर ते पाण्याच्या काठाशी थांबतात, इथं मात्र थेट नदीपर्यंत उतरलेत, म्हणजे ज्या 105 टीएमसीचा आकडा तुम्ही दर पावसाळ्यात पेपरात बघता त्याच्या खालचा चढउतार कागदावर अजून शाबूत आहे. मी रात्री एकपर्यंत तेच बघत बसले.

आणि हे सगळं माणसांनी पायी फिरून काढलंय हो. 1802 ला लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं मद्रासजवळ त्रिकोणमापन सुरू केलं (तो वारला आपल्याच हिंगणघाटला, 1823 साली), त्यातनं डोंगरमाथ्यांवर पक्के बिंदू मिळत गेले, मग त्यांच्या आधारानं सर्व्हेवाले प्लेन टेबल (जागेवरच नकाशा काढायचा तिपाईवरचा पाट) मांडणार, खलाशी म्हणजे त्यांचे मदतनीस सामान वाहणार, आणि समोरची सोंड बघत बघत रेघ ओढायची. जावळीच्या त्या रानात!

पण त्यांनी गावांची नावं घातली, बऱ्याच वाड्या नुसता ठिपका. देऊळ कुठलं, पाणवठा कुठला, ताल (शेताचा बांध) कुणाची, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार बाबा? सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे, धरणामुळं कुठं कुठं पांगली आपली माणसं, सांगणारे कमी होत चाललेत. मोठी प्रिंट काढून दिवाळीला आणतेय, पेन्सिलीनं लिहू, चुकलं तर खोडता येईल. आत्याला आधीच बोलावून ठेवा, तिला नदीपलीकडचं जास्त आठवतं. आई, तू पण बसायचंस हं, फराळाचं मी बघते, आणि बाबांचा चष्म्याचा नंबर त्याआधी तपासून घे.

तुमची,
ताई