शेण कोण कालवतं, तेही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गावाकडे बायोगॅस का रुजत नाही, या विषयावरचा मजकूर आपल्या अंकात वाचला. लोकांची मानसिकता तयार नाही, प्रबोधन वाढवायला हवं, असा त्याचा एकूण सूर. मी १९९४ पासून गोबरगॅसवर स्वयंपाक करते. मधली सहा वर्षं तो बंद होता, आणि का बंद होता ते सांगायलाच हे पत्र.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा परड्यात घुमटाचा प्लँट नुकताच बांधून झाला होता. दीनबंधू पद्धतीचा, दोन घनमीटरचा. वर्षभरात मामंजींनी नवा संडासही त्यालाच जोडला आणि घरात वाद पेटला. सासूबाईंनी एकच सांगितलं, "त्या गॅसवर देवाचा नैवेद्य होणार नाही." मग गॅसवर आमचं जेवण आणि चुलीवर देवाचं, असं दोन ठिकाणी रांधणं सुरू झालं. रांधणारी मी एकटीच. तिसऱ्या वर्षी श्रावणात जळण पार भिजलं, चूल काही केल्या पेटेना, तेव्हा सासूबाईंनी स्वतःच पुरणाचं पातेलं उचलून गॅसवर ठेवलं. त्यानंतर तो विषय घरात कधी निघाला नाही. मैल्याबद्दलची ही शिसारी घालवण्यात कणकवलीच्या अप्पासाहेब पटवर्धनांनी आणि देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी आयुष्य घातलं. मापुसकरांना २०१७ साली पद्मश्री मिळाली, तीही ते गेल्यावर. तेव्हा मानसिकता आड येते, हे मला मान्य आहे. पण आमच्याकडे ती अडचण तीन वर्षांत सुटली. प्लँट बंद पडला तो निराळ्याच कारणांनी.

पहिलं कारण जनावरं. दोन घनमीटरच्या प्लँटला रोज पन्नासेक किलो ताजं शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं दावणीला हवीत. शेणाइतकंच पाणी. एवढं घातलं तर सोळा-सतरा दिवसांत एका सिलिंडरची बचत होते, हा हिशेब खरा आहे, मी अनुभवलाय. पण दीर वेगळे झाले, वाटणीत जनावरं गेली, आमच्याकडे दोन म्हशी उरल्या. शेण निम्म्यावर आलं. गॅस चहाला आणि एका कालवणाला पुरायचा, थंडीत तेवढाही नाही. त्यातच पाइपात पाणी साठून ज्योत फुरफुरायला लागली. कॉक गंजला. बायोगॅसच्या शेगडीचं जेट मोठ्या भोकाचं असतं, ती शेगडी तालुक्याच्या बाजारात मिळेना. घुमट बांधणारे गवंडी तोवर वारले होते. मालक एका कार्यालयात चौकशीला गेले, तिथे उत्तर मिळालं, "नवीन बांधणार असाल तर अर्ज द्या, दुरुस्तीचं आमच्याकडे काही नाही."

हे २०१६ साल. त्याच वर्षी उज्ज्वला योजना आली आणि गल्लीत घरोघरी सिलिंडर दिसू लागले. आम्हीही सिलिंडरवर आलो. पण उज्ज्वलाच्या घरांत वर्षाला सरासरी चारच्या आसपासच सिलिंडर भरले जातात. चार सिलिंडरमध्ये पाच माणसांचं वर्ष निघतं का, हे कुठल्याही बाईला विचारावं. अंघोळीचं पाणी आणि जनावरांचं आंबोण जळणावरच होतं. २०२३ मध्ये सिलिंडर अकराशेच्या वर गेला, तेव्हा आमच्या गल्लीत भाकरीही पुन्हा चुलीवर आली. (चुलीवरच्या भाकरीची चव काही औरच, असं ऐकवणारे पुष्कळ भेटतात. फुंकणी त्यांच्या हातात मी अजून पाहिलेली नाही.)

आता आमचा प्लँट परत कसा सुरू झाला ते सांगते. त्या सहा वर्षांत मी मालकांना किती वेळा म्हटलं असेल, त्याचा हिशेब नाही. "बघू," एवढंच. २०२२ मध्ये त्यांनी खालच्या आळीतल्या एका शेतकऱ्याचा स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर प्लँटमधून बाहेर पडणारं पातळ शेण, दिलेला ऊस पाहिला. रुंद, काळपट हिरवं पान. शेण उकिरड्यावर पडून राहिलं की त्यातला बराच नत्र उडून जातो, गोबरगॅसच्या स्लरीत तो टिकतो, शिवाय तणाचं बीही बरंचसं मरतं. हे मालकांना त्या बांधावर उभं राहून पटलं. घरी आले ते थेट परड्यात गेले आणि घुमटावर चढलेला वेल उपटायला लागले. पंधरा दिवसांत खड्डा उपसला. त्यात माणूस लगेच उतरवायचा नसतो, आत विषारी वायू असतो, म्हणून आधी दोन दिवस मोकळा ठेवला. भेग बुजवली, कॉक बदलला, शेगडी कोल्हापुरातून आणली. मुलाने दोन म्हशी आधीच वाढवल्या होत्या. माझ्या डोळ्यांतल्या धुरानं जे सहा वर्षांत झालं नाही, ते उसाच्या पानानं पंधरा दिवसांत केलं. राग आला, खोटं का बोलू. पण गॅस मिळाला.

म्हणून प्रबोधन करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की धूर आणि खोकल्याची चित्रं घेऊन स्वयंपाकघरात येऊ नका. तिथं सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. पैसे ज्याच्या हातात आहेत त्याला स्लरी दिलेल्या शेतात न्या. अर्जावर सही एकाची आणि रोज सकाळी शेण कालवणारे हात दुसरीचे, असं बहुतेक घरांत आहे. आपल्याकडे सर्व्हेला आलेली माणसं ओसरीवर बसून मालकांना विचारतात, बायोगॅस वापरायची तयारी आहे का? मालक म्हणतात, आहे. मी आत चहा करत असते.

अनुदानाबद्दलही थोडं. केंद्राच्या २०२२ च्या योजनेत दोन ते चार घनमीटरला चौदा हजारांच्या घरात पैसे ठरले, संडास जोडला तर आणखी थोडे. ते बंद करा असं मी म्हणत नाही. पण बांधलेल्यांपैकी पाच वर्षांनी पेटतात किती, ते गावोगाव मोजून चावडीवर लावा. पाण्याच्या मोटारीला जसा मेकॅनिक मिळतो तसा दहा गावांत मिळून एक तरी माणूस असा असावा, ज्याच्याकडे कॉक, जेट आणि पाइप मिळेल. ते काम बाई करू शकते. पाइपातलं पाणी काढायला मी शेजारच्या तीन घरी जाते, कुणी शिकवलेलं नाही.

ज्या घरात एकच जनावर आहे किंवा एकही नाही, त्यांना गोबरगॅसचा आग्रह करू नये. आमच्या गावात अशी घरं आता निम्म्याहून जास्त आहेत. त्यांना सिलिंडरच परवडायला हवा.

आणि पाहणीला कुणी येणारच असेल तर सकाळी सात वाजता यावं. तेव्हा मी परड्यात शेण कालवत असते, हात भरलेले असले तरी बोलता येतं.

आपली,
एक वाचक, ता. भुदरगड, जि. कोल्हापूर