राजीनामा दिलाय, रागावू नका

आई-बाबा,

फोनवर सांगायला गेले की आई आधी जेवलीस का विचारते आणि मग मुद्द्याचं राहूनच जातं, म्हणून लिहितेय. मागच्या शुक्रवारी मी नोकरीचा राजीनामा दिला. बाबा, आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, मान्य आहे. पण तुम्ही नको म्हणाला असता तर मी दिला नसता, आणि मला तर द्यायचाच होता.

कॅट, म्हणजे एमबीएची ती प्रवेश परीक्षा, परत देतेय, नोव्हेंबरच्या शेवटी. गेल्या वर्षी गणितात एवढे चांगले मार्क पडून पण मुलाखतीचा एकही कॉल आला नाही तेव्हा तुम्ही नशीब म्हणालात. नशीब नव्हतं बाबा. तीन सेक्शन असतात, इंग्लिश वाचन, डीआयएलआर म्हणजे तक्ते आणि कोडी, आणि गणित. प्रत्येकाला ४० मिनिटं, एकातला वाचलेला वेळ दुसऱ्यात वापरता येत नाही, आणि आयआयएमवाले प्रत्येक सेक्शनचा कटऑफ वेगळा बघतात. माझं डीआयएलआर कच्चं. आणि वर्षभर मी काय केलं, तर ऑफिसातून दमून आले की गणितच सोडवत बसले, कारण ते यायचं आणि बरं वाटायचं.

मार्चमध्ये दुकानाचा हिशोब जुळायचा नाही तेव्हा तुम्ही सगळी बेरीज परत करत नव्हता, आठवतं? आधी फरक काढायचा, त्याला ९ नं भाग जातोय का बघायचं, गेला तर बहुतेक कुठंतरी ५४ च्या जागी ४५ पडलेत. मी चादरींच्या गठ्ठ्यावर बसून बघायचे आणि तिथंच झोपायचे. आता तेच करतेय. एक वही केलीय, चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढं लिहिते: येतच नव्हता, की येत होता पण घाई झाली, की मुळात हातातच घ्यायला नको होता. तिसऱ्या प्रकारचेच सगळ्यात जास्त निघाले. डीआयएलआरमध्ये पहिलाच सेट, म्हणजे एका कोड्यावरचे सगळे प्रश्न, धरून २० मिनिटं बसायचे, सुटेना तरी सोडून देववेना. आता पहिली चार-पाच मिनिटं फक्त सगळे सेट वाचते आणि मग निवडते, चुकलेला सेट आठवड्यानं उत्तर न बघता परत सोडवते. मॉक, म्हणजे सरावाचा पेपर, २ तासांचा, पण तो तपासायला ४ तास जातात. नोकरी करून हे होत नव्हतं हो, रात्री ९ ला रूमवर आले की डोळेच मिटायचे.

आणि इंग्लिश. मराठी मीडियमची म्हणून जमत नाही असं मीच धरून बसले होते. आता रोज एक अवघड लेख वाचते आणि प्रत्येक पॅरा झाला की मनात आईला मराठीत एका वाक्यात सांगते. सांगता आला नाही तर कळला नाही, परत वाचायचा. म्हणजे आई, तू रोज सकाळी माझ्याजवळच असतेस बघ.

पैशाचं टेन्शन घेऊ नका, फेब्रुवारीपर्यंतचं भाडं आणि मेस बाजूला काढून ठेवलंय. मेसला भाकरी नसते पण तू दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी अजून आहे, भाजी आवडली नाही की तेच खाते. झोप नीट होते. पांघरायला आपलीच चादर आहे, कोपऱ्यात बाबांनी पेनानं टाकलेला नंबर अजून गेला नाही. त्यात तोंड खुपसलं की दुकानातला वास येतो, खरंच येतो.

दिवाळीला फक्त लक्ष्मीपूजनाला येईन, आदल्या संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं, आणि तिसऱ्या दिवशी परत. करंज्या तेवढ्यासाठी लवकर करायला घेऊ नकोस, तुझा खांदा दुखतोय, विकतच्या आणा. गड्ड्याला, सिद्धेश्वरांच्या जत्रेला, मात्र पूर्ण आठवडा घरी. बाबा, अक्षतांच्या सोहळ्याला आपण तिघंच जायचं, नंदीध्वजांच्या उंच काठ्या आता तुमच्या खांद्यावर बसून दिसायच्या नाहीत म्हणून जरा लवकर निघू.

आता ऐका. पाणी येतं त्या दिवशी बाबांनी बादल्या घेऊन गच्चीवर जायचं नाही, मोटरचा पाइप दुरुस्त करून घ्या, पैसे मी आजच पाठवतेय. शुगरची गोळी जेवणाआधीची जेवणानंतर घेऊन चालत नाही. डोळे तपासायचे राहिलेत, या महिन्यात झालेच पाहिजेत, मी अपॉइंटमेंट घेऊन ठेवते. रविवारी सकाळी मॉक असतो, तेव्हा फोन लागला नाही तर घाबरू नका, दुपारी मी करते.

आणि आई, राजीनाम्याचं आत्याला एवढ्यात सांगू नको. मी स्वतः सांगेन, त्या वेळेसारखं तुला ऐकून घ्यायला लागू नये.

तुमची,
छकुली