लिग्नाइटचा भाव टनावर नव्हे, उष्णतेवर मोजावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कोळसा, लिग्नाइट (म्हणजे तपकिरी कोळसा) आणि पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे इंधन) यांच्यावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला आणि त्याच दिवशी राज्यांच्या महसुली तुटीपोटी लावलेला टनामागे ४०० रुपयांचा नुकसानभरपाई उपकर रद्द झाला. या निर्णयाची चर्चा बहुतेक ठिकाणी ‘कोळशावरील कर वाढला’ एवढ्यावर थांबली. लिग्नाइटपुरते हे विधान बरेचसे चुकीचे आहे. अनेक वर्षांपासूनचा एक अन्याय या बदलाने दूर झाला. मात्र तो ज्या चुकीच्या मोजमापातून निर्माण झाला होता ते मोजमाप अजून तसेच आहे. त्याविषयी हे पत्र.

दक्षिण गुजरातमधील एका कापड प्रक्रिया कारखान्यात बॉयलरसाठी इंधन खरेदी करण्याचे काम मी दीर्घकाळ केले. दर आठवड्याला निरनिराळ्या ठिकाणचे दर टेबलावर येत आणि वरिष्ठांचा पहिला प्रश्न ‘टनाला काय भाव?’ हाच असे. परंतु बॉयलरला टन कळत नाहीत, त्याला उष्णता लागते. तमिळनाडूतील नेयवेलीच्या लिग्नाइटमध्ये जवळजवळ निम्मे पाणी असते आणि त्याचा उष्मांक, म्हणजे जाळल्यावर मिळणारी उष्णता, किलोला साधारण २,६०० किलोकॅलरी भरतो. समजा, असे लिग्नाइट २,००० रुपये टन आहे आणि ५,००० किलोकॅलरीचा दगडी कोळसा ३,५०० रुपये टन आहे. दरपत्रकावर लिग्नाइट कितीतरी स्वस्त दिसते. दहा लाख किलोकॅलरींमागे हिशेब केला तर लिग्नाइटला सुमारे ७६९ रुपये पडतात आणि कोळशाला ७००. वाहतुकीचे भाडे यात धरलेले नाही. ते धरले तर पाण्याचेही भाडे भरावे लागते आणि फरक आणखी वाढतो.

हीच गफलत करातही झाली होती. २०१० साली कोळशावरील स्वच्छ ऊर्जा उपकर टनाला ५० रुपये होता, २०१४ मध्ये तो १०० रुपये, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा त्याच ४०० रुपयांचा नुकसानभरपाई उपकर झाला. कोळसा कोणताही असो, आकारणी टनामागे सारखीच. त्यामुळे वरच्या उदाहरणातील लिग्नाइटवर दहा लाख किलोकॅलरींमागे १५४ रुपये उपकर पडे, तर जवळजवळ दुप्पट उष्णता देणाऱ्या कोळशावर केवळ ८० रुपये. देशातील सर्वांत हलक्या इंधनावर सर्वांत जड कर, अशी ही स्थिती होती. शिवाय खरेदीवर भरलेल्या या उपकराची वजावट फक्त विक्रीवरील उपकरातूनच मिळत असल्याने, ज्या कारखान्याच्या मालावर तो उपकर लागत नसे त्याला हे ४०० रुपये थेट खर्चात धरावे लागत. नव्या पद्धतीत कर किमतीच्या प्रमाणात आहे आणि कारखानदाराला त्याची वजावटही मिळते. साधे गणित असे, की ज्याची मूळ किंमत टनाला सुमारे ३,०७७ रुपयांपेक्षा कमी आहे त्या इंधनावरील एकूण कर आता पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. २,००० रुपयांच्या लिग्नाइटवर पूर्वी ५०० रुपये जात, आता ३६० जातात. वीज ही वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्याने वीजनिर्मिती कंपनीला वजावट मिळत नाही, हे खरे. पण तिचाही भार टनाला १४० रुपयांनी उतरतो आणि तो फायदा वीजदरात दिसला पाहिजे.

आता बाजाराविषयी. ‘भारतातील लिग्नाइटचा बाजारभाव’ असे एकच काही नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. हा माल फार दिवस साठवला तर आपोआप पेटतो आणि दूर नेणे परवडत नाही, म्हणून तो खाणीच्या आसपासच खपतो. देशाचे वार्षिक उत्पादन चार ते पावणेपाच कोटी टनांच्या आसपास फिरते. दगडी कोळसा याच काळात शंभर कोटी टनांवर गेला. लिग्नाइटचे सुमारे ऐंशी टक्के साठे तमिळनाडूत आहेत, उरलेले प्रामुख्याने राजस्थान आणि गुजरातमध्ये, आणि या तीन राज्यांत भाव ठरण्याच्या तीन तऱ्हा आहेत.

नेयवेलीत खाण आणि वीज केंद्र एकाच सरकारी कंपनीचे, त्यामुळे तेथे दर म्हणजे हस्तांतरण मूल्य, खाणीने आपल्याच वीज केंद्राला लावलेली किंमत. खर्चावर आधारलेली ही किंमत पुढे केंद्रीय वीज नियामक आयोगासमोर वीजदराचा भाग म्हणून येते. तेथील खर्च मोठा आहे, कारण टनभर लिग्नाइटसाठी पाच घनमीटरांहून अधिक माती हलवावी लागते आणि थराखालील दाबयुक्त भूजल अखंड उपसावे लागते. राजस्थानात बाडमेरजवळच्या कपूरडी आणि जालिपा खाणींतून १,०८० मेगावॉटच्या केंद्राला जाणाऱ्या लिग्नाइटचा दर राज्य वीज नियामक आयोगापुढे वर्षानुवर्षे हंगामी स्वरूपातच राहिला. अंतिम दराशिवाय इतकी वर्षे वीज विकली जावी, ही ग्राहकाच्या दृष्टीने गंभीर बाब आहे.

खऱ्या अर्थाने खुली विक्री होते ती गुजरातमध्ये. माता नो मढ, उमरसर, तडकेश्वर, राजपारडी, भावनगर या खाणींतून राज्याचे खनिज विकास महामंडळ कापड, रसायन, सिरॅमिक अशा उद्योगांना लिग्नाइट विकते आणि प्रत्येक खाणीचा दर वेगळा असतो, कारण ओलावा, राख आणि गंधक खाणीगणिक बदलतात. कच्छच्या काही मालात गंधक इतके असते की भट्टीत चुनखडी घातल्याशिवाय तो जाळणे योग्य नाही. या लिग्नाइटची स्पर्धा आहे ती इंडोनेशियातून बंदरावर उतरणाऱ्या कमी उष्मांकाच्या कोळशाशी. जानेवारी २०२२ मध्ये इंडोनेशियाने निर्यात थांबवली, पाठोपाठ युक्रेनचे युद्ध सुरू झाले, आयातीचे भाव गगनाला भिडले आणि तेव्हा सगळ्यांना लिग्नाइटची आठवण झाली. आयात उतरली की तेच गिऱ्हाईक परत बंदराकडे वळते. पावसाळ्यात खाणीत पाणी भरून पुरवठा आटतो आणि जो माल येतो तो अधिक ओला येतो. टनाचा दर मात्र तोच. त्या चार महिन्यांत आम्ही पाणी विकत घेत होतो, असे म्हटले तरी चालेल.

पुरवठा वाढवून भाव उतरतील असे सांगणाऱ्यांनी तमिळनाडूकडे पाहावे. एप्रिल २०२३ मध्ये कावेरीच्या खोऱ्यातील तीन लिग्नाइट पट्टे, मुख्यमंत्री स्टालिन यांच्या विरोधानंतर, केंद्राला लिलावातून वगळावे लागले. भातशेतीची ती जमीन आहे, आणि तो निर्णय योग्यच होता असे माझे मत आहे. जमिनीचा आणि उपसलेल्या पाण्याचा पुरा मोबदला धरला, तर लिग्नाइट आज वाटते तितके स्वस्त राहणार नाही.

दगडी कोळशासाठी २०१२ पासून एकूण उष्मांकावर आधारलेल्या सतरा प्रतवाऱ्या (ग्रेड) लागू आहेत आणि दर त्यांच्याशी जोडलेले आहेत. केंद्रीय कोळसा मंत्रालयाने लिग्नाइटसाठीही अशी सोय करावी. प्रत्येक खाणीच्या दरपत्रकात, आणि आयोगासमोरील प्रत्येक हस्तांतरण मूल्यात, टनाच्या किमतीशेजारी दहा लाख किलोकॅलरींचा दर छापणे बंधनकारक करावे, आर्द्रतेची चाचणी त्रयस्थ प्रयोगशाळेकडून व्हावी आणि पावसाळ्यातील जादा ओलाव्याची वजावट बिलातच मिळावी. उपकर गेल्यामुळे वाचलेले पैसे वीजदरात किती उतरले, याचा तपशील तिन्ही राज्यांच्या नियामक आयोगांनी चालू आर्थिक वर्षाच्या दरनिश्चितीत स्वतंत्रपणे मांडावा, अशीही विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त इंधन खरेदी अधिकारी